कोकणातल्या सड्यावर एका पावसाळ्यात एम.एस्सी.चा लघुप्रबंध करायचा आहे. नेमके काय मोजावे?

कातळफूल, 12 मे

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात जात आहे. लघुप्रबंधासाठी मी आमच्या गावामागचा सडा निवडला आहे. सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, साधारण चाळीस हेक्टरांचा असून बहुतेक भाग उघड्या जांभ्याचा आहे. त्याच्या एका कडेला चिरेखाण आहे आणि दुसऱ्या कडेला गेल्या सात-आठ वर्षांत हापूसची कलमे लागली आहेत. मधला भाग गुरे चारण्यापलीकडे कोणी वापरत नाही आणि सरकारी कागदोपत्री त्याची नोंद पडीक जमीन अशीच आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये मी या सड्यावर गुडघे टेकून बसले होते. एका खळग्यात पाणी साचले होते आणि त्याच्या काठाने गेंदाची पांढरी बोंडे दाटीने उभी होती. तिथून वीतभर अंतरावर ओलसर मातीच्या पातळ थरात सीतेची आसवे फुलली होती, त्यांच्यामध्ये दवबिंदूचे एक लालसर रोप होते आणि आणखी दोन बोटे वर, जिथे माती जवळजवळ नव्हतीच, तिथे फक्त शेवाळ आणि काळसर पापुद्रा. एवढ्याशा जागेत इतके वेगळे शेजार का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे, पण त्याचा प्रकल्प कसा करायचा ते उमगत नाही.

आमच्या विभागात आतापर्यंतचे बहुतेक लघुप्रबंध म्हणजे अमुक ठिकाणच्या वनस्पतींची यादी असे आहेत. मला त्याच्या पुढे जाऊन वनस्पती, बेडूक आणि मातीतले सूक्ष्मजीव असा संपूर्ण परिसंस्थेचा अभ्यास करावा असे वाटते. महाविद्यालयात चांगले सूक्ष्मदर्शक, ऑटोक्लेव्ह, लॅमिनार फ्लो आणि इनक्युबेटर आहे. पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्याची, सोय नाही. मार्गदर्शक मोकळेपणाने ऐकून घेतात, पण त्यांचा स्वतःचा विषय बुरशीजन्य रोग हा असल्यामुळे क्षेत्रीय अभ्यासाची आखणी मलाच करावी लागणार आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत काम आणि जानेवारीत लेखन, एवढा वेळ हाती आहे. वनस्पती मोजण्यासाठी जमिनीवर टाकायची चौकट किती मोठी घ्यावी, किती घ्याव्यात आणि कलमांच्या बागेशी तुलना यात आणावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माळावरचा मास्तर, 13 मे

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे, फक्त तुम्ही ते वर्णन म्हणून लिहिले आहे. वीतभर अंतरावर शेजार बदलतो, आणि बदलताना मातीची जाडी आणि पाणी टिकण्याचा काळ हे दोन्ही बदलतात. यांपैकी वनस्पतींचे ठिकाण कशावरून अधिक चांगले सांगता येते, एवढाच तुमचा प्रकल्प. तीन जीवसृष्टींचा अभ्यास एका विद्यार्थिनीने एका पावसाळ्यात करायचा म्हटले तर तीन अर्धवट याद्या हाती लागतील. ज्या प्रकाराला तुम्ही नावे ठेवता आहात, तोच तिप्पट होईल.

आता आखणी. सड्यावर मे महिन्यातच फिरून घ्या, कारण पाऊस पडला की सगळे हिरवे दिसते आणि जागांमधला फरक डोळ्यांना कळेनासा होतो. साधारण तीन प्रकारच्या जागा ठरवा: पाणी साचणारे खळगे, उतारावर पाणी झिरपत राहते त्या पातळ मातीच्या पट्ट्या, आणि जाड मातीचे गवताळ तुकडे. प्रत्येक प्रकारचे आठ तुकडे एकमेकांपासून दूर असे निवडा आणि प्रत्येक तुकड्यात दोनच चौकटी टाका. एकाच मोठ्या खळग्यात दहा चौकटी टाकून संख्या दहा लिहिणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. त्या दहा चौकटी म्हणजे एकाच खळग्याची दहा वेळा केलेली नोंद असते. परिसंस्थांचे अभ्यासक हर्लबर्ट यांनी 1984 साली या चुकीला सूडोरेप्लिकेशन असे नाव दिले, आणि चाळीस वर्षांनंतरही मौखिक परीक्षेत ती सापडली नाही असे वर्ष मला आठवत नाही. तुमचे चोवीस तुकडेसुद्धा शेवटी एकाच सड्यावरचे आहेत, त्यामुळे निष्कर्ष त्या सड्यापुरताच आहे हे लिहायला संकोच करू नका.

चौकट 50 सेंटीमीटर बाजूची पुरे. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपची बनवा आणि आत सुतळीने पाच गुणिले पाच अशी 25 घरे पाडा. सीतेची आसवे एकेक करून मोजण्याच्या फंदात पडू नका. ऑगस्टमध्ये ती एका चौकटीत शेकड्यांनी असतात आणि रोप कुठे संपते हेच कळत नाही. एखादी जात 25 घरांपैकी किती घरांत आहे एवढे लिहा. हा आकडा दुसऱ्या माणसाने मोजला तरी जवळपास तोच येतो, जे टक्केवारीच्या अंदाजाबाबत कधीच होत नाही. सरावाने एका चौकटीला पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे 48 चौकटींना बारा तास, म्हणजे पावसात तीन दिवस. दर पंधरवड्याला एक फेरी धरली तर मध्य जून ते मध्य ऑक्टोबर नऊ फेऱ्या होतात. यापेक्षा जास्त आखले तर सप्टेंबरमध्ये ताप येईल आणि नेमकी तीच फेरी चुकेल. फेऱ्या मात्र हव्याच. जूनमध्ये कंदवर्गीय वनस्पती वर येतात, दीपकाडीसारखी कोकणातल्या सड्यांचीच म्हणून ओळखली जाणारी वनस्पती थोडे दिवस फुलून पानांसह दिसेनाशी होते, ऑगस्टमध्ये गेंद आणि सीतेची आसवे, आणि पुढे कवला नि गवते. सप्टेंबरात एकदाच जाऊन केलेला अभ्यास हा सप्टेंबरचा अभ्यास असतो.

मातीची जाडी मोजायला महागडे काही लागत नाही. मोडक्या छत्रीची एक सरळ काडी घ्या, टोक घासून बोथट करा आणि तिच्यावर दर अर्ध्या सेंटीमीटरला नेलपॉलिशची खूण करा. प्रत्येक चौकटीत चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी ती टोचा. जांभ्याच्या मातीत खडे असतात आणि काडी कधी कधी खड्यावरच अडते, म्हणून पाच आकड्यांची सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. पाण्याची खोली पट्टीने मोजा, आणि पाऊस उघडल्यावर तुकड्यात किती दिवस पाणी उभे राहिले हे गावातल्या कोणाच्या तरी मदतीने रोज लिहून ठेवा. माझ्या मते सगळ्यांत मोलाची नोंद हीच ठरेल, आणि ती कोणी करत नाही.

चौकटीच्या जागा खुणावण्याबद्दल एक स्वानुभव सांगतो. विद्यार्थी असताना मी साताऱ्याच्या बाजूच्या एका पठारावर साठ जागी बांबूच्या काठ्या रोवून त्यांना लाल फडके बांधले होते. पुढच्या फेरीला गेलो तर चार काठ्या उरल्या होत्या, बाकीच्या गुराख्यांच्या चुलीत गेल्या होत्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते. नंतर तेलरंगाचे ठिपके दिले, ते जुलैअखेर शेवाळाखाली गेले. मोबाइलच्या जीपीएसमध्ये चार-पाच मीटरांची चूक सहज असते, ती तुमच्या कामाला फार झाली. त्यापेक्षा हलणार नाहीत असे दोन मोठे धोंडे निवडा आणि दोन्हींपासूनचे अंतर टेपने मोजून वहीत आकृतीसह लिहा. वही पेन्सिलीने लिहा. शाई पहिल्याच सरीत वाहून जाते.

शेवटचा मुद्दा गेंदाचा. त्याच्या जाती फुलांवरून ओळखल्या असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. बोंडातले एकेक फूल मिलिमीटरभराचे असते, आणि पुष्कळ जाती पिकलेल्या बियांच्या पृष्ठभागावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून चौकटीबाहेरच्या रोपांना क्रमांक देऊन त्यांची बी पिकेपर्यंत थांबा. तोवर वहीत गेंद-1, गेंद-2 असे लिहिणे शास्त्रीयच आहे. काही वर्षांपूर्वी आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी सिंधुदुर्गातून या कुळातली एरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम ही नवी जात नोंदवली. अगदी लहान पुष्पशीर्षामुळे तिला ते नाव मिळाले. तुमचा सडा तिथून फार लांब नाही. आणि कास पठाराच्या छायाचित्र-पुस्तिकांवरून ओळख पटवू नका. कास सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे, तुमचा सडा समुद्राच्या वाऱ्यातला आहे. काही नावे जुळतील, बरीच जुळणार नाहीत.

दगडाखाली, 13 मे

मास्तरांच्या आखणीशी सहमत आहे. मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करतो, म्हणून बेडकांचा आणि बागेशी तुलनेचा भाग तेवढा घेतो.

सड्यावरचे प्राणी मोजायचे तर पहिली अडचण अशी की ते दगडाखाली असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल आढळते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस तिचे नाव. सुट्या दगडांखालची चपटी फट हेच तिचे घर. चिरेखाण झाली किंवा बागेसाठी सडा साफ केला की सुटे दगड गोळा करून गडगा रचतात आणि घरच नाहीसे होते. म्हणून सड्यावर सुट्या दगडांची संख्या हा स्वतंत्रपणे मोजण्यासारखा घटक आहे, आणि तो वनस्पतीवाल्यांना सुचत नाही. तुम्ही तुमच्या तुकड्यांभोवती पाच मीटर त्रिज्येत बशीपेक्षा मोठे किती सुटे दगड आहेत एवढे मोजून ठेवा. पुढच्या वर्षी कोणी पाली मोजायला आले तर त्याला तो आकडा आयता मिळेल.

दगड उचलणार असाल तर दोन नियम पाळा. उचललेला दगड त्याच ठिकाणी, त्याच बाजूने, त्याच कोनात परत ठेवायचा, कारण खालची ओल आणि अंधार एकदा मोडला की पुन्हा जमायला अनेक दिवस लागतात. दुसरा नियम हात न घालण्याचा. रत्नागिरीचा सडा हे फुरशाचे घर आहे हे तुम्हाला कोणी बाहेरच्याने सांगायला नको, पण चौकटीत वाकून घरे मोजताना आपला डावा हात कुठे टेकला आहे याचे भान सुटते, हे मी अनुभवावरून सांगतो. गमबूट घाला आणि टेकण्याआधी काठी फिरवा.

बागेशी तुलना करण्याचा मोह मला समजतो, पण एक सडा आणि एक बाग यांच्या तुलनेतून बागेचा परिणाम सिद्ध होत नाही. त्या दोन जागा बागेआधीही वेगळ्या असू शकतात. तुलना नीट कशी बोलते याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे पवनचक्क्या असलेले आणि नसलेले भाग पाहून केलेला अभ्यास 2018 मध्ये नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी होते आणि ते ज्यांना खातात त्या पंखगळ्या सरड्यांची दाटी जास्त होती. अभ्यासक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सरड्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक मोजले आणि माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो तेही मोजले. शिकारी कमी असलेल्या भागात संप्रेरक कमी होते आणि सरडे जास्त जवळ येऊ देत होते. कारणापासून परिणामापर्यंतचा प्रत्येक दुवा वेगळा मोजल्यामुळे तो निष्कर्ष टिकतो. जाता जाता सांगतो, त्या सरड्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव सरडा असेच आहे, थेट मराठी शब्दावरून दिलेले, जात सुपर्बा. 2016 मध्ये हे नाव आले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले होते.

बेडकांचे म्हणाल तर यंदा सोडा. सड्यावरचे उभयचर पहिल्या पावसाच्या थोड्या दिवसांत बरेच काही उरकून घेतात. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावरचा झँथोफ्रिन टायगेरिना हा भेक, जो 2009 साली शास्त्राला नवीन म्हणून नोंदवला गेला, पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, आणि मध्ये उघडीप पडली तर ती डबकी सुकतात. असे काम करायचे तर त्या दिवसांत रात्री सड्यावरच मुक्काम हवा. तुमच्या पंधरवड्याच्या फेरीत तो काळ निसटून जाईल. शिवाय प्राणी पकडायचे, मोजमाप घ्यायचे म्हटले की परवानग्यांचे कागद सुरू होतात, आणि ते जूनपर्यंत हाती पडत नाहीत.

कातळफूल, 15 मे

मास्तर आणि दगडाखाली, दोघांचेही मनापासून आभार. छत्रीची काडी घरातच मिळाली. बेडूक सोडले आणि बागही सोडते. सूक्ष्मजीव मात्र सोडवत नाहीत, कारण उघड्या कातळावरचा तो काळा पापुद्रा मला सारखा दिसतो. आता मे महिन्यात तो नखाने खरवडला तर कोळशाच्या भुकटीसारखा सुटतो, आणि परवा मी त्यावर बाटलीतले पाणी ओतले तर थोड्या वेळाने त्याला हिरवट छटा आली. यातून पीसीआरशिवाय काही करता येईल का?

पेट्रीबाई, 16 मे

करता येईल, आणि ज्या गोष्टीसाठी पाणी ओतलेत तीच करावी.

आधी काय करू नये ते सांगते, कारण दरवर्षी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या विद्यार्थ्यांचा बेत तोच असतो. माती आणायची, पाण्यात घोळायची, न्यूट्रिअंट अगर या पोषक माध्यमावर पसरायची, वसाहती मोजायच्या आणि सूक्ष्मजीवांची विविधता असे शीर्षक द्यायचे. मातीतल्या सूक्ष्मजीवांपैकी अगदी थोडे, ढोबळमानाने शंभरांत एखादाच, नेहमीच्या माध्यमावर वाढतो. त्यामुळे त्या बशीवर जे दिसते ते सड्याचे चित्र नसून अगर ज्यांना मानवले त्यांचे चित्र असते. सड्याची माती आम्ल आणि नायट्रोजनाने गरीब. तिथल्या रहिवाशांना आपण पक्वान्नांचे ताट वाढतो आणि ताटावर धावून आलेल्यांनाच गावकरी समजतो.

काळा पापुद्रा बहुधा नीलहरित जीवाणूंचा असेल. उन्हाला अंगावर घेणाऱ्या कातळांवर स्कायटोनेमा आणि नॉस्टॉकसारखे प्रकार नेहमी सापडतात, आणि त्यांच्या आवरणातल्या गडद रंगद्रव्यामुळे कातळ काळा दिसतो. ते रंगद्रव्य अतिनील किरणांपासून आडोसा देते. पाणी मिळताच हिरवी छटा येणे ही सुरुवात झाली. पेशी खरोखर कामाला लागल्या का, हा पुढचा प्रश्न. तुमच्याकडे चांगले सूक्ष्मदर्शक आहे, एवढे पुरे. पाऊस पडण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, दहा ठिकाणचा पापुद्रा निर्जंतुक चाकूने काढून कागदी पाकिटांत कोरडाच ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि प्रयोग पिशवीतच सुरू होतो. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एकाला निर्जंतुक पाणी द्या, दुसरा कोरडा ठेवा. मग एक तास, सहा तास, एक दिवस, तीन दिवस आणि सात दिवसांनी काचपट्टीवर पाहून तंतूंपैकी किती हिरवे आणि सलग आहेत ते मोजा. तिसरा एक भाग बीजी-11 या नीलहरित जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात, पण नायट्रोजनविरहित, उजेडात ठेवा. हवेतला नायट्रोजन बांधून घेणाऱ्या तंतूंमध्ये अधूनमधून जाड भिंतीची, फिकट, जरा फुगीर पेशी दिसते, तिला हेटरोसिस्ट म्हणतात. नायट्रोजन दिलेल्या आणि न दिलेल्या माध्यमात शंभर पेशींमागे अशा किती पेशी आहेत हे मोजणे हा साधा पण प्रामाणिक प्रयोग आहे. नायट्रोजन प्रत्यक्षात किती बांधला गेला हे मात्र यावरून सांगता येत नाही. त्याला ॲसिटिलीन रिडक्शनची चाचणी आणि गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो.

या भागाचा तुमच्या मुख्य प्रश्नाशी संबंधही आहे. सीतेची आसवे आणि दवबिंदू कीटक का धरतात, याचे नेहमीचे उत्तर मातीत नायट्रोजन कमी म्हणून असे आहे, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच कातळावर दोन बोटे वर नायट्रोजन बांधणारा पापुद्रा असेल, तर पावसाच्या पाण्याबरोबर त्यातले काही खालच्या तुकड्यांत उतरते का, हे विचारण्यासारखे आहे. यंदा तपासू नका, पण लघुप्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात लिहा. आणि ऑगस्टमध्ये सीतेच्या आसवांचे मुठीएवढे मातीचे ढेकूळ चौकटीबाहेरून काढून बशीत हलक्या हाताने धुवा. फुलांकडे पाहणाऱ्या लोकांना ठाऊकच नसते की तिचे सापळे मातीखाली असतात: केसासारख्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पारदर्शक पिशव्या. त्या पिशवीत ऋण दाब असतो आणि तोंडाशी केस हलला की एक सहस्रांश सेकंदाच्या आत भक्ष्य आत ओढले जाते. आत काय सापडले याची नोंद ठेवा.

सूक्ष्मजीवांच्या बाबतीत नमुना कधी घेतला याला किती महत्त्व आहे, हे लोणारने सगळ्या महाराष्ट्राला दाखवले आहे. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण हॅलोआर्किया हे मीठप्रिय सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून खारटपणा वाढल्यावर ते माजले होते. पुढे तो जैवभार तळाशी बसला आणि रंग ओसरला. आधी किंवा नंतर नमुना घेतला असता तर त्याच सरोवराचे वेगळेच वर्णन लिहिले गेले असते. म्हणून पाकिटावर तारखेसोबत शेवटचा पाऊस कधी पडला हेही लिहा.

हर्बेरियमचा उंदीर, 17 मे

चर्चा उत्तम चालली आहे, पण याद्यांना जरा जास्तच झोडपले गेले असे वाटते. यादी वाईट नसते, पुराव्याशिवायची यादी वाईट असते. पश्चिम घाटातल्या कातळांवर कोरड्या पडूनही न मरणाऱ्या, पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होणाऱ्या संवहनी (पाणी वाहणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पती पूर्वी फक्त 9 ठाऊक होत्या. पुण्याच्या अभ्यासकांनी अलीकडे हा आकडा 62 वर नेला. कोणती वनस्पती कुठे आहे याच्या चोख नोंदी आणि जपलेले नमुने असल्याशिवाय असले काम उभेच राहू शकत नाही.

म्हणून कातळफूल, तुमच्या 48 चौकटींत आलेल्या प्रत्येक जातीचा एक तरी नमुना फुलाफळासह दाबा, तोही चौकटीबाहेरून. गेंदासारख्या बारीक वनस्पतींची एकेक काडी दाबू नका. मुळांसकट झुबका घ्या आणि माती पाण्याखाली धुऊन टाका. कोकणातल्या पावसाळ्यात वर्तमानपत्राचा कागद पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावा लागतो, नाहीतर पाचव्या दिवशी तुम्ही मार्गदर्शकांच्या विषयावर, म्हणजे बुरशीवर, प्रबंध लिहायला बसाल. सीतेच्या आसवांची फुले वाळली की ओळखीच्या खुणा जातात, म्हणून काही फुले सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या कुपीत ठेवा. नमुन्यांचा एक संच महाविद्यालयात आणि दुसरा एखाद्या मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, द्या: पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, मुंबईला झेवियर्सचे ब्लॅटर हर्बेरियम आहे. दहा वर्षांनी नाव चुकले असे कोणाला वाटले तर त्याला तुमची चूक सापडली पाहिजे.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. सडा पडीक दिसला तरी त्याला बहुधा मालक असतो, आणि कोकणात तो एका सातबाऱ्यावर वीस-बावीस नावांचा असतो. शक्य तेवढ्यांना विचारा आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवून पोच घ्या. गुराख्यांनाही सांगा. मास्तरांच्या काठ्यांचे काय झाले ते वर वाचलेच.

कातळफूल, 21 जून

आपणा सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम सुरू केले आहे आणि पहिली फेरी झाली आहे. पापुद्र्याचे दहा नमुने पावसाआधी मिळाले. त्यांपैकी सातांमध्ये सहा तासांनी हिरवे तंतू दिसले, तीन अजून काळेच आहेत. छत्रीची काडी छान काम देते. तीन प्रकारच्या जागांत मातीच्या जाडीचे मधले आकडे चांगले वेगळे येत आहेत.

घोटाळा पाण्याचा आहे. मे महिन्यात मी ज्यांना पाणी साचणारे खळगे म्हणून खूण केली होती, त्यांपैकी दोन खळगे उघडीप पडताच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडे झाले. तळाशी भेग असावी. उलट पातळ मातीची म्हणून निवडलेली एक पट्टी पाचव्या दिवशीही झिरपत होती. ही पट्टी कलमांच्या बागेच्या लगेच खाली आहे. बाग करताना कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले आणि बाहेरची माती आणून भरली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ती माती पाणी धरून सावकाश सोडत असावी, असा माझा तर्क आहे. गुरे राखणारे एक आजोबा माझ्यासाठी रोज पाण्याची नोंद ठेवतात. ते म्हणाले की बागेआधी या पट्टीवर पाऊस थांबला की दोन दिवसांत गुरे बसायची, आता बसत नाहीत. आता तुकड्यांचे गट बदलावेत का? आणि ही एक पट्टी काढून टाकावी का?

माळावरचा मास्तर, 22 जून

काढून टाकू नका, आणि मे महिन्यातले गटही पुसू नका. ते तुम्ही निकाल न पाहता ठरवले होते, म्हणून त्यांना किंमत आहे. त्यांच्या शेजारी आणखी एक स्तंभ आखा आणि त्यात उघडिपीनंतर पाणी टिकलेले दिवस हा आकडा लिहा. शेवटी दोन्हींनी वेगवेगळे विश्लेषण करा. डोळ्यांनी पाडलेले गट वनस्पतींशी अधिक जुळतात की दिवसांचा आकडा, हेच तर आपल्याला पाहायचे होते, आणि तुमचे फसवे खळगे व ती झिरपणारी पट्टी यांमुळेच दोन्ही उत्तरे एकमेकांपासून वेगळी ओळखता येतील. सगळे तुकडे मे महिन्याच्या अंदाजाप्रमाणे वागले असते तर ते शक्य नव्हते.

बागेखालच्या त्या एका पट्टीवरून बागेबद्दल काही सिद्ध करता येणार नाही. पण बागेच्या बांधाखाली अशा आणखी चार-पाच पट्ट्या आहेत का ते याच पावसात चालत जाऊन पाहा. असतील तर त्यांच्या जागा धोंड्यांपासून मोजून वहीत लिहा आणि आजोबांना सांगून त्यांचीही पाण्याची नोंद सुरू करा. आजोबांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्या. आणि शेवटची फेरी ऑक्टोबरच्या मध्याला थांबवू नका. त्या पट्टीवरचे गेंद वाळेपर्यंत जात राहा.